खांद्यावरचा पाचाचा आकडा

अकलूज, नातेपुते, माळशिरस या पट्ट्यातल्या जुन्या घरांत देवादिकांच्या तसबिरींशेजारी एखादा गणवेशातला पूर्वज टांगलेला असतो. फेटा, घट्ट आवळलेला पट्टा, एक हात खुर्चीच्या पाठीवर. पणजोबा जर्मनच्या लढाईत बसऱ्याला गेले होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक असतं. पलटण कुठली, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: मराठा पलटण. बहुतेक घरांत चौकशी इथेच संपते. मला वाटतं, ती इथून सुरू व्हायला हवी. आणि उत्तर आपल्या मनासारखंच यावं, ही अट घालून सुरू होऊ नये.

पलटण शोधणं हा नुसता हौसेचा खेळ नाही. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यातल्या गावोगावी दगडी पाट्या बसवल्या गेल्या. या गावातून इतके लढाईवर गेले, त्यातले इतके मेले, एवढाच मजकूर. नावं नाहीत. इराकमधल्या बसरा स्मारकावरही गोऱ्या सैनिकांची नावं कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या. किमान ४५ हजार आणि कदाचित ५४ हजार मृतांचं स्मरण असं असमान रीतीने झालं, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने २०२१ मध्ये मान्य केलं. त्यांत हिंदी लोक फार मोठ्या संख्येने होते. नावं होती ती नोंदवह्यांत, आणि त्या वह्या पलटणीप्रमाणे लावलेल्या. घराला नाव माहीत, पलटण नाही. दप्तराला पलटण माहीत, पण त्यातल्या कित्येक सारख्या नावांतला आपला माणूस कोणता ते नाही. या दोन अर्धवट आठवणींची गाठ पडण्याची जागा अनेक घरांत एकच उरली आहे, ती म्हणजे भिंतीवरचा तो फोटो.

म्हणून तो सावकाश वाचावा लागतो. समजा, भिंग लावल्यावर खांद्यावर किंवा फेट्यावर पाचाचा आकडा दिसला. माणूस हरखून जातो, पण खरी अडचण इथेच आहे. १९०३ पूर्वीचा फोटो असेल, तर हा पाच मुंबई लष्कराच्या पाचव्या पलटणीचा असू शकतो. तीच पुढे 'काली पांचवी' म्हणून नावाजली. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरने लष्कराची फेररचना केली तेव्हा मुंबईच्या पायदळ पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले आणि ती १०५ झाली. पुन्हा १९२२ मध्ये १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या सहा मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली आल्या, बेळगाव तिचं ठाणं झालं, आणि त्या सबंध रेजिमेंटला क्रमांक मिळाला पाच. काली पांचवी आता तिची दुसरी बटालियन झाली. म्हणजे १८९५ च्या फोटोतला पाच आणि १९३० च्या फोटोतला पाच ही दोन वेगळी उत्तरं आहेत. फोटो केव्हाचा, हे कागद, पुठ्ठा, कोटाची कॉलर, स्टुडिओचा शिक्का यांवरून आधी ठरवावं. आकडा त्यानंतर वाचावा.

एका आकड्याने काय बिघडतं? सगळंच बिघडतं. १०३, ११० आणि ११७ या पलटणी इराकमधल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. घोड्या-खेचरांच्या मांसावर दिवस काढून २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली आणि कैद्यांची वाळवंटातून पायपीट सुरू झाली. १०५ त्या वेढ्यात नव्हती. तेव्हा '१०३' मधल्या शेवटच्या पुसट अंकाला तीन म्हणायचं की पाच, यावर आपला पणजोबा तुर्कांच्या कैदेत उपाशी होता की नाही, हे ठरतं. असा अंक अंदाजाने वाचायचा अधिकार मला तरी कुणाला द्यावासा वाटत नाही.

रंगांवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसत नसे आणि निळा जरा जास्तच दिसे. त्यामुळे लाल कापड काळं उमटतं, निळं फिकट. कॉलर काळी दिसते म्हणून 'काली पांचवी' म्हणणं धोक्याचं आहे. छातीवरच्या फितींचंही तेच. पदक प्रत्यक्ष हाताशी असेल तर मात्र सगळी अनुमानं बाजूला ठेवावीत. त्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं असल्यामुळेच कितीतरी घरांतून ते अडीअडचणीला सोनाराकडे गेलं. पोटासाठी विकलं त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही, पण त्या कडेवरच्या ओळीबरोबर एका माणसाचा पत्ता वितळला.

आणि पदक ब्राँझचं निघालं तर? हे पदक चांदीतही होतं आणि ब्राँझमध्येही. ब्राँझचं हिंदी मजुरांना, लढाईवरच्या बिनलढाऊ माणसांना मिळालं. त्या युद्धासाठी हिंदुस्थानातून पाच लाखांवर बिनलढाऊ माणसं भरती झाली. खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, रस्ते आणि रुळ टाकणारे, जखमींना खांद्यावर नेणारे. फोटोत ऐटीत उभा असलेला पणजोबा यांतला असू शकतो. मला ठाम वाटतं की असं कळल्यावर ज्या घराला फोटो उतरवावासा वाटतो, त्याने माणूस शोधलेलाच नसतो, मान शोधलेला असतो.

जातीच्या बाबतीतही हेच. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या होत्या. पूना हॉर्स या नावावरून पुण्याकडचे स्वार डोळ्यांसमोर येतात, पण महायुद्धात त्या रिसाल्यात राठोड राजपुतांचा मोठा भरणा होता. आणि १८९० च्या दशकात महारांची भरती बंद होण्यापूर्वी मुंबईच्या पलटणींत ते मोठ्या संख्येने होते. महार समाजातल्याच गोपाळबाबा वलंगकर यांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. १८८० च्या आसपासचा फोटो असेल तर त्या गणवेशातला माणूस कुठल्या आळीचा, हे नुसत्या पलटणीच्या नावावरून सांगता येत नाही. चौकशी प्रामाणिक असेल तर अशा एका फोटोला गावातली दोन वेगळ्या आळ्यांतली घरं आपला म्हणू शकतात, आणि मग दोघांनी एकत्र बसूनच तो वाचावा लागतो.

सध्या माझी सगळ्यात मोठी तक्रार फोटो 'चकाचक' करण्याविषयी आहे. डाग काढताना संगणकावर खांद्यावरची पितळी अक्षरं, बटणांवरची नक्षी, बाहीवरच्या फिती गुळगुळीत होऊन जातात; त्या जागी पेस्टल निळा कोट येतो. चौकट नवी करायची तर करावी, पण त्याआधी मूळ प्रत चौकटीतून काढून पुढून-मागून उच्च दर्जाची स्कॅन करून ठेवावी. बटणं उलट्या बाजूला आणि पदकं उजव्या छातीवर दिसली, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल हेही तेव्हाच तपासावं. आणि घरातली सर्वांत म्हातारी बाई जे सांगेल ते, तिचं नाव, नातं आणि तारीख घालून, वेगळ्या कागदावर लिहून फोटोबरोबर ठेवावं, जुळत नसलं तरी. पाचाचा आकडा आणि तिचं सांगणं यांचा मेळ बसत नाही तेव्हा बऱ्याचदा फोटो एका भावाचा आणि गोष्ट दुसऱ्याची असते, आणि मग शोधायला माणसं दोन असतात.