हक्काने अडखळणं

अडखळत बोलणाऱ्या माणसाला जन्मभर सल्ले मिळतात. लहानपणी आजी मधात उगाळलेलं वेखंड जिभेला लावते, मोठेपणी साहेब केबिनमध्ये बोलावून ‘जरा आत्मविश्वासाने बोलत जा’ म्हणतात. आजीला दोष जिभेत दिसतो, साहेबांना काळजात. दोघांचाही हेतू चांगला, त्यामुळे रागावताही येत नाही. पण वेखंडाची चव तासाभरात जाते. साहेबांचा सल्ला पिच्छा सोडत नाही. तू घाबरट आहेस म्हणून अडखळतोस, असा आरोप त्यात दडलेला असतो.

या आरोपाला वरवर पुरावाही सापडतो. मी लहानपणापासून अडखळतो, पण गणपतीत आरती म्हणताना माझा शब्द कधी अडलेला नाही. वर्गाबरोबर पाढे म्हणताना सगळं सुरळीत चालायचं. बाईंनी एकट्याला उभं केलं की ‘बे एके बे’मधला पहिला ‘बे’ ओठांतच राहायचा. ‘सगळ्यांबरोबर येतं, मग आत्ताच काय झालं?’ हा बाईंचा प्रश्न त्यांच्या परीने रास्तच होता. त्याचं उत्तर मला पुष्कळ उशिरा कळलं. समूहात, गाण्यात, ठेक्यावर बोलताना अडखळणाऱ्या बहुतेकांची वाचा मोकळी होते. तिथे ताल बाहेरून मिळतो. एकट्याने बोलताना तो मेंदूला स्वतः जुळवावा लागतो आणि आमची अडचण त्या जुळवणीत असते.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटाने, पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरुवात करून, तोतरेपणाशी संबंध असलेली तीन जनुकं शोधली. पेशीतल्या टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट लावण्याच्या कामाशी ती निगडित आहेत. त्यांचा धैर्याशी काय संबंध लावणार? शंभरातल्या साधारण पाच मुलांना लहानपणी हा त्रास होतो, बहुतेकांचा आपोआप जातो, मोठ्या माणसांत शंभरात एखादाच उरतो. त्यातही पुरुष बायकांच्या जवळपास चौपट. साहेबांचा सिद्धान्त खरा धरला तर पुरुष चौपट भित्रे ठरतात. माझ्या बायकोला हे पटेल. शास्त्राला पटत नाही.

अडखळणं शरीरातून येतं. लाज मात्र शिकवावी लागते. ती कशी शिकवली जाते, याचा क्रूर पुरावा अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आहे. तिथल्या विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः अडखळत. मुलावर तोतरेपणाचा शिक्का मारल्यामुळेच ते तोतरं होतं, असा त्यांचा कयास होता. १९३९ मध्ये त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना सांगण्यात आलं, की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणं आहेत, बिनचूक बोलता येत नसेल तर बोलूच नका. मुलं तोतरी झाली नाहीत. ती गप्प झाली. वर्गात उत्तरं देईनाशी झाली, एकेका शब्दावर वेळ मारून नेऊ लागली. हा प्रयोग साठेक वर्षं झाकून राहिला. २००१ मध्ये एका वर्तमानपत्राने तो उजेडात आणल्यावर विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये राज्याने सव्वानऊ लाख डॉलरची भरपाई मान्य केली.

म्हणजे अडखळणं न देता नुसती लाज देता येते. तसं असेल, तर अडखळणं राहू देऊन लाज तेवढी काढताही यायला हवी. माझा सगळा भरवसा या उलट्या गणितावर आहे.

हे गणित करून दाखवणारा माणूस त्याच विद्यापीठात शिकला, हा योगायोग मला आवडतो. चार्ल्स व्हॅन रायपर तरुणपणी इतके अडखळत, की एका शेतावर काम मिळवायला त्यांनी मुक्या-बहिऱ्याचं सोंग घेतलं होतं. पुढे एका म्हाताऱ्याने त्यांना आपल्या गाडीत घेतलं. तोही अडखळत होता, पण शब्दाशी झोंबत नव्हता. अडला की अडू द्यायचा, मग सावकाश पुढे जायचा. रायपर यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अडखळायचंच नाही हा हट्ट सोडून, सोप्या रीतीने अडखळायला शिकायचं. कॅलमझूच्या आपल्या क्लिनिकमध्ये त्यांनी पुढे लोकांना मुद्दाम, ठरवून अडखळायला लावलं. ते स्वतः अखेरपर्यंत अडखळत राहिले आणि या विषयातले सर्वांत मोठे शिक्षकही राहिले.

मुद्दाम अडखळण्यात काय मोठंसं, असं वाटेल. त्यासाठी आधी लपवण्याचा खर्च पाहावा लागतो. बसमध्ये ‘पर्वती’ फुटणार नाही असं दिसलं की आम्ही ‘स्वारगेट’ म्हणतो आणि उरलेलं अंतर चालतो. दिवाळीत मिठाईच्या दुकानात करंज्या घ्यायला जावं, ‘क… क…’ होताच मागच्या रांगेची दया येऊन दुकानदाराने ‘काजूकतली ना? किती?’ म्हणावं आणि आपण मान डोलवावी. मग करंजीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून घरी यावं आणि घरच्यांना सांगावं, यंदा म्हटलं काहीतरी वेगळं! ज्यांना हे लपवणं उत्तम जमतं ते सर्वांत जास्त थकतात, कारण त्यांचा अर्धा मेंदू कायम पुढच्या वाक्यातल्या धोक्याच्या अक्षरावर पहारा देत असतो. एकदा आपणहून, चारचौघांत ‘क… क… करंजी’ म्हटलं की त्या पहाऱ्याची गरज उरत नाही. आत्मविश्वास येतो तो इथून, बोलून झाल्यावर. आधी तो कुठे साठवून ठेवलेला नसतो.

‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’चे स्वमदत गट पुण्या-मुंबईतही हाच अभ्यास करतात: अनोळखी माणसाला थांबवून, मुद्दाम अडखळत पत्ता विचारायचा. वाचोपचाराशी याचं वैर नाही. तंत्रं शिकावीत, जरूर शिकावीत. पण तंत्र साधेपर्यंत आयुष्य तहकूब ठेवू नये. आणि स्वीकार म्हणजे रोजची प्रसन्नता, असंही नाही. फोनवर ‘हॅलो’ अडलं की समोरचा ‘आवाज येत नाहीये’ म्हणून ठेवून देतो, तेव्हा मला आजही चीड येते.

ऐकणाऱ्यांचं घड्याळ, म्हणजे थांबून ऐकण्याचा त्यांचा धीर, हा या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. आयोवातला प्रयोग झाला त्याच १९३९ मध्ये, ३ सप्टेंबरला, इंग्लंडचा सहावा जॉर्ज रेडिओवर महायुद्धाबद्दल प्रजेशी बोलला, थांबत थांबत. राजा असल्यामुळे कुणी त्याचं वाक्य पुरं करून दिलं नाही. २०१० मध्ये त्याच्यावर ‘द किंग्ज स्पीच’ निघाला. लिहिणारे डेव्हिड साइडलर स्वतः लहानपणी अडखळत. आपल्याकडे त्याच वर्षीच्या दिवाळीत ‘गोलमाल ३’ आला. त्यात श्रेयस तळपदेचं पात्र अडखळलं की थिएटर हसत होतं. नटाने काम चोख केलं. विनोदाला मात्र शब्द अडण्यापलीकडे काही सुचलं नव्हतं.

कायद्यालाही अडखळणं नीट उमगलेलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगताही आहे; पण तिच्या व्याख्येत उदाहरणं आहेत ती स्वरयंत्र काढलेल्यांची आणि मेंदूच्या इजेने भाषा गेलेल्यांची. आज सुरळीत, उद्या बंद, परवा पुन्हा सुरळीत अशी वाचा त्या चौकटीत बसवताना प्रमाणपत्र देणाराही गोंधळतो. तेव्हा तोंडी परीक्षेला बसणाऱ्या मुलाने कुणाच्या कागदाची वाट न पाहता पहिल्याच वाक्यात सांगून टाकावं: ‘मला बोलायला वेळ लागतो, उत्तर मात्र येतं.’ तेही वाक्य अडखळतच बाहेर येईल, म्हणजे परीक्षकांना वेगळा पुरावा द्यायला नको.