नेट कोणी घालवलं?

मराठी भाषेनं अपराधी माणसाची मोठी सोय करून ठेवली आहे. माझ्या हातून कप पडला की कप 'फुटतो'. तोच बायकोच्या हातून पडला की ती तो 'फोडते'. कप तोच, फरशी तीच, तुकडेही बहुधा तेवढेच. पण पहिल्या वाक्यातला कप स्वतःच्या जबाबदारीवर फुटतो आणि दुसऱ्यातल्या कपाला आरोपी सापडतो. आमच्या घरात माझ्या किल्ल्या हरवतात, माझी छत्री गाडीत राहते, माझ्यासमोरचं दूध उतू जातं. बाकीची मंडळी मात्र किल्ल्या हरवून येतात, छत्री विसरतात आणि दूध उतू घालवतात. शाळेत गुरुजींनी अकर्मक आणि सकर्मक क्रियापदं शिकवली तेव्हा त्यात एवढं नीतिशास्त्र भरलेलं आहे, हे ते बोलले नव्हते. बोलले असते तर मी व्याकरणात पास झालो असतो.

मी एका बँकेत कारकून आहे. अलीकडे आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, पण खिडकी तीच आहे आणि खिडकीपलीकडचे चेहरेही तेच. या खिडकीत बसून गेल्या वीस वर्षांत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य म्हणजे "लिंक गेलीय." (त्यासाठी एक पुठ्ठाही लिहून ठेवलेला आहे. दोरीसकट.) हे वाक्य नीट ऐका. लिंक कुठे गेली, कोणी घालवली, कधी येणार, यातलं काही त्यात नाही. एखादी बाई न सांगता माहेरी जावी तशी ती गेलेली असते. पेन्शनीला आलेले आजोबा "बरं, उद्या येतो" म्हणून जिना उतरू लागतात आणि मी निष्पाप मनानं चहा मागवतो. कोणाचंच काही चुकलेलं नसतं.

अशा माणसाच्या घरचं नेट जाणं हा काव्यगत न्याय झाला, असं आमच्या हिचं मत आहे. पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या पुढची आहे.

झालं असं, की आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकात रोज रात्री नऊच्या सुमाराला नेट जाऊ लागलं. दिवसभर ठीक. नऊ वाजले, की कन्येच्या मोबाइलवर ते गोल चक्र फिरायला लागायचं आणि टीव्हीवरची मालिका, सासूनं हात उगारलेल्या अवस्थेत, थिजायची. आता हिशेबातली चूक शोधणं हा माझा धंदाच आहे. संध्याकाळी कॅश जुळेना, तर आम्ही घाबरत नाही. फरक किती ते बघतो. फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला, तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केलेली असण्याचा संभव फार. ४५० च्या जागी ५४० लिहिले, फरक ९०. मग ती एक नोंद शोधायची, की सगळे मोकळे. तेव्हा नेटचं काम मी कॅशच्याच शिस्तीनं हाती घेतलं.

प्रथम दिवे पाहिले. फायबरच्या डबीवर एका दिव्याखाली इंग्रजीत एल-ओ-एस असं लिहिलेलं असतं. मी कॉमर्सचा पदवीधर. 'लॉस' या शब्दातला दुसरा एस जागेअभावी गाळला असावा, असं समजून मी बराच काळ त्या दिव्याला वचकून होतो. त्याचा खरा अर्थ 'लॉस ऑफ सिग्नल'. तो तांबडा पेटला, तर बाहेरून तारेतून येणारा प्रकाशच तुटला असं समजायचं. आमचा विझलेला होता. म्हणजे लॉस नव्हता. मग वायरी दाबून पाहिल्या. मग जगातला सर्वांत जुना उपाय केला: बटण बंद, तीस आकडे मोजले, बटण चालू. चार-पाच मिनिटांत सासूचा हात खाली आला.

दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा तेच. मी पुन्हा बंद-चालू केलं, नऊ-पाचला नेट पुन्हा आलं. पंधरवडाभर हा प्रयोग रोज झाला आणि घरात माझी प्रतिष्ठा, लग्नानंतर प्रथमच, थोडी वाढली.

पण मूळ कारण? ते मला एका रात्री डोक्यावरून ऐकू आलं. आमच्या वरच्या मजल्यावर बारावीतला एक मुलगा आहे. २०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये तो सातवीत होता, वडिलांचं काम बंद पडलेलं, शाळा मोबाइलवर. तेव्हा मीच वर जाऊन आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता आणि महिनाभर सोसायटीत त्याबद्दल बोलणं होईल अशी व्यवस्थाही केली होती. पुढे तो पासवर्ड तसाच राहिला. हा मुलगा क्लासहून घरी येतो रात्री नऊला. आल्यावर खुर्ची ओढून लॅपटॉपपुढे बसतो. ती खुर्ची आमच्या छतावर कर्रकन वाजते. खुर्ची वाजली, की नेट गेलं! सलग चार रात्री मी घड्याळ लावून पाहिलं. एवढ्या पुराव्यावर लोक फाशी गेलेले आहेत.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," ही भाकरी थापता थापता म्हणाली. पंडित लोक यालाच 'काकतालीय न्याय' म्हणतात. मला त्याचा अर्थ 'काकांनी दिलेला न्याय' असाच वाटला आणि तो द्यायला मी बसलो.

राउटरच्या आत शिरायला एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक असा पत्ता टाकावा लागतो. शिरलो. रागाच्या भरात नवीन पासवर्ड टाकला 'चोर'. राउटर घेईना. किमान आठ अक्षरं हवीत म्हणे. राग आठ अक्षरांचा करणं भाग होतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'शेजारीचोर१२३' असा केला. शिवाय आत शिरण्याचा जो मालकाचा वेगळा पासवर्ड असतो तोही बदलला आणि बँकेच्या शिस्तीप्रमाणे कुठेही लिहून ठेवला नाही.

दोन दिवस नेट सुरळीत! ही तेव्हा नाशकाला माहेरी गेली होती. कन्या आणि मी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातच गरम गरम जेवून यायचो आणि घरी येऊन अखंड नेटचा उपभोग घ्यायचो. गुन्हा सिद्ध झाला होता. आमच्या बँकेत शिपायाचा एका दिवसाचा पगार कापायचा असला, तरी आधी मेमो द्यावा लागतो, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, मग चौकशी. या मुलाला मी मेमो दिला नाही. जिन्यात भेटला, "काका, कसे आहात?" म्हणाला. मी "मजेत" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ही परत आली आणि नऊ वाजता नेट गेलं.

त्या रात्री एक गोष्ट माझ्या लक्षात आली. छतावर खुर्ची वाजली नव्हती. पण अशा गोष्टी लक्षात आल्या तरी त्यांचा विचार करायचा नसतो. मी ताबडतोब कंपनीला दोषी ठरवून तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी रात्री साडेआठला एक चुणचुणीत पोरगा पाठीवर सॅक घेऊन आला. त्यानं राउटरला थेट वायर लावून लॅपटॉपवर वेग मोजला आणि म्हणाला, "लाइन एकदम ओके आहे साहेब. जे काय आहे ते घरातच आहे." हे वाक्य एखाद्या साधूनं म्हणावं असं होतं, पण मला तेव्हा ते आवडलं नाही. मग तो मोबाइल हातात धरून, भूमिगत पाणी शोधणाऱ्यासारखा, खोल्यांमधून हिंडू लागला. नऊ वाजले. हिनं भाजीचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. पोराच्या मोबाइलवरचा काटा धाडकन खाली आला.

"वहिनी, बंद करा जरा."

काटा वर.

"आता चालू करा."

काटा खाली. असं त्यानं तीनदा केलं. भाजीसुद्धा कंटाळली असेल.

"साहेब, राउटर कुठाय तुमचा?"

राउटर हॉलमधल्या पोलादी कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत होता. त्या भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर, आणि भिंतीला लागूनच मायक्रोवेव्ह. पोरानं समजावून सांगितलं ते असं: वायफायच्या जुन्या पट्ट्यातल्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास चालतात, आणि मायक्रोवेव्ह भाजी गरम करतो त्या लहरीही जवळजवळ तिथल्याच, २.४५. भट्टीच्या दारातून थोडंसं काही बाहेर येतंच, अन्नाला वा माणसाला अपाय न करण्याइतकं, पण शेजारच्या राउटरचा आवाज बुडवण्याइतकं. "दोघंही एकाच पट्टीत गातात साहेब, आणि त्याचा गळा मोठा आहे." वर लोखंडाचं कपाट. लोखंडातून या लहरी जात नाहीत, आपटून परत फिरतात. म्हणजे आधीच क्षीण झालेला आवाज, त्यात शेजारी बँड.

माझ्या पंधरवड्याच्या चमत्काराचाही उलगडा झाला. मी बंद-चालू करून नेट आणायला चार-पाच मिनिटं लागायची. तिघांची भाजी, आमटी आणि भात गरम व्हायलाही तेवढीच.

"इथे कोणी ठेवला हा?" पोरानं विचारलं.

"गणपतीत तो तिकडे गेला," मी म्हणालो.

"चालत?" कन्या म्हणाली.

मखरासाठी शोकेसचा वरचा कप्पा मीच रिकामा केला होता. राउटर मीच काढला, फटीत मीच सरकवला, आणि गणपती गावाला गेल्यावर परत ठेवायचा मीच विसरलो. पोरानं तो पुन्हा शोकेसवर ठेवला, चहा घेतला आणि गेला. नऊ वाजता भाजी गरम होते आणि सासूचा हात फिरत राहतो, असं आता आमच्याकडे चाललेलं आहे.

राहता राहिला वरचा मुलगा. इथे मला खरोखरीच प्रश्न पडला, आणि तो वाटतो तितका सोपा नव्हता. नेट माझं, बिल मी भरतो. दिलं होतं ते उपकार म्हणून. उपकार थांबवणं हा काही गुन्हा नव्हे. महिन्याला शंभर रुपये देणाऱ्यानं ते बंद केले, तर त्याला कोणी चोर म्हणत नाही. शिवाय त्याला कुठे माहीत होतं, मी त्याला काय समजलो ते? ज्या आरोपाचा आरोपीला पत्ताच नाही, तो आरोप मनातल्या मनात मागे घेतला की झालं! वकील म्हणून मी स्वतःला चांगला मिळालो होतो.

पण हिशेबाची सवय वाईट. आमच्याकडे चुकीच्या खात्याला रक्कम नावे पडली, तर ती खोडता येत नाही. उलटी नोंद करावी लागते, आणि मग दोन्ही नोंदी जन्मभर समोरासमोर दिसत राहतात. उलटी नोंद टाळायची असेल, तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून ठेवतात. मीही तीन दिवस ती तिथेच ठेवली. चौथ्या दिवशी हिला वरच्या वहिनी भाजीवाल्याकडे भेटल्या. मुलगा म्हणे रात्री रुळांपलीकडे मित्राकडे जातो अभ्यासाला, नेट लागतं म्हणून. यायला अकरा वाजतात. तुमचा पासवर्ड चालेना, तर तो म्हणाला, "काकांनी बदलला असेल, काही कारण असेल."

"काही कारण असेल!" त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या, तर सस्पेन्स खातं आणखी महिनाभर चाललं असतं.

वर जाण्याआधी निदान तो पासवर्ड तरी सभ्य करावा म्हणून मी राउटरच्या आत शिरायला गेलो. मालकाचा पासवर्ड आठवेना. सहा-सात प्रयत्न केले. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली तर सगळं मूळपदावर येतं म्हणतात, पण मग कंपनीचं नाव-पासवर्डही पुसलं जातं आणि तो चुणचुणीत पोरगा पुन्हा येतो. त्याच्यासमोर दुसऱ्यांदा उभं राहण्याची माझी तयारी नव्हती. सुटीचा दिवस गाठून तसाच वर गेलो.

"अरे, ते नेट..." मी सुरुवात केली. "राउटर जरा भलत्या जागी गेला होता." मग कन्येचा चेहरा आठवला. "म्हणजे मी ठेवला होता. आणि मला वाटलं, तुझ्यामुळे नेट जातंय. म्हणून पासवर्ड बदलला."

"असं होय," तो म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. किंवा दिसू दिलं नाही. बारावीतली मुलं हल्ली फार सभ्य असतात. "मग नवीन सांगता का?"

"हिच्या मोबाइलवरून ते चौकोनी चित्र दाखवतो ना."

"लॅपटॉप आहे काका, बाबांचा जुना. कॅमेरा चालत नाही. तुम्ही सांगा, मी टाकतो."

"एस," मी म्हणालो. "एच. ई. जे. ए. आर. आय."

"मोठी अक्षरं की लहान?"

"सगळी लहान."

तो टाइप करत होता. पडद्यावर नुसते ठिपके उमटत होते, पण ऐकणाऱ्याला ठिपक्यांचा काय उपयोग?

"सी," मी म्हणालो. "एच."

त्याची बोटं थांबली. त्यानं वर पाहिलं नाही.

"ओ?" त्यानंच विचारलं.

"ओ."

"आर?"

"आर. मग एक-दोन-तीन."

आतून वहिनी चहा घेऊन आल्या. "काय रे, लागलं का?"

"लागलं," तो म्हणाला, आणि ट्रेमधला एक कप उचलून जपून माझ्या हातात दिला.