कुरटे बेटाभोवती एक फेरी

पाठ सैल सोडून बसा. डोळे मिटले तरी चालतील. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे, लाट इथवर येत नाही. तरी शहराच्या कुशीतच, खडकवासल्याला, १९१६ पासून चालत आलेल्या जल संशोधन केंद्रात बंदरं आणि किनारे लहान आकारात बांधतात आणि त्यांच्यावर यंत्रानं लाटा सोडून पाहतात.

तेच काम आता मनानं करू. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर या. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे सिंधुदुर्गाचा पाया घातला, पायात शिसं ओतलं. तटाच्या कडेनं चाला. घाई नको.

पश्चिमेला उघडा समुद्र. आषाढातली लाट काळ्या खडकावर फुटते आहे. समुद्राकडून किनाऱ्याला असलेल्या धोक्याला १ ते ५ गुण द्यायचे, १ म्हणजे सर्वांत कमी धोका. खडकाला १ द्या, लाटेला ५.

पुढे ‘राणीची वेळा’, वाळूची छोटी पुळण. थांबा. पावसाळा वाळू ओढून नेतो, हिवाळ्यात ती परत येते. गेली तेवढी आली का? उत्तरासाठी वर्षानुवर्षं पाहत राहावं लागतं.

मग उंची, उतार, भरती-ओहोटी, समुद्राची चढती पातळी. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्रानं भारताच्या किनाऱ्यावरच्या धोक्याचे नकाशे अशाच सात गोष्टींवरून केले. सातांच्या गुणांचा गुणाकार, त्याला सातनं भागायचं, मग वर्गमूळ. बेरीज केली असती तर एखादा दोष इतरांच्या आडोशाला लपला असता. गुणाकारात उताराचा गुण २ वरून ४ झाला की सगळाच गुणाकार दुप्पट होतो. एक सावकाश श्वास घ्या, हे मुरू द्या.

आता आत वळा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, या किल्ल्यातल्या विहिरी. चहूकडे खारं, आणि बावीत गोडं पाणी. वाकून पाहा. त्या सातांत ही बाव नाही. उधाणाचं पाणी आत शिरलं तर तट जागच्या जागी राहील आणि पाणी मात्र पिण्याजोगं उरणार नाही. बेटाची मोजणी बावीपासून सुरू व्हावी, असं मला फार वाटतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्यासमोरून गेलं. वादळ भरतीला गाठतं की ओहोटीला, यावर पाणी किती चढेल ते ठरतं.

मन आता जवळच्या देवबागला न्या. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या अरुंद वाळूवर घरं, माड, विहिरी. हीच फेरी तिथे पुन्हा करा. खडकाचा १ तिथे मिळणार नाही.