नाताळ आणि लेखणीचा विसांवा

वाचनासाठीं : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १ ला



नाताळ जवळ आला म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर पालटतो. एरवीं पाऊसपाणी, शाळा, मंडळींतील लग्नें व मरणें यांचें वर्तमान असतें. शाळू पोटऱ्यांत आला कीं कोणी कीर्तनासाठीं नवें आख्यान मागतो, कोणी मुलांच्या संवादाची प्रत, कोणी गेल्या वर्षीं म्हटलें नाहीं असें एखादें पद. यंदा एका उपदेशक बंधूंचें पत्र आलें, त्यांत मागणें कांहींच नव्हतें. तीन गांवांच्या उपासना, मुलांचा नाट्यप्रवेश, नवें आख्यान, आणि शिवाय आमच्या नाताळ अंकासाठीं आम्हींच मागितलेला लेख, एवढें सारें घेऊन ते रोज रात्रीं दिव्यापाशीं बसतात, परंतु शब्द सुचत नाहींत. पुढें ते लिहितात कीं, कित्येक वर्षांत त्यांनीं नाताळ ऐकिलाच नाहीं. लोक गात असतात तेव्हां आपलें पद त्यांना आवडलें कीं नाहीं, एवढेंच ते त्यांच्या तोंडाकडे पाहून ताडीत असतात.

पत्र वाचून आम्हांस लाज वाटली. कारण त्या बंधूंच्या डोक्यावरील भाऱ्यांत एक पेंढी आमचीहि होती. पण नुसती लाज वाटून भागत नाहीं. लिहिणाऱ्यानें व बोलणाऱ्यानें या दिवसांत काय करावें, हें शास्त्रांतच पाहूं.

ख्रिस्तजन्माची हकीकत लूक सांगूं लागतो ती एका बोलणाऱ्याचें तोंड बंद झाल्यापासून, हें आपल्या ध्यानांत क्वचितच येतें. जखऱ्या हा अबीयाच्या वर्गांतील याजक. मंदिरांत धूप जाळण्याचें काम कोणीं करावें हें चिठ्ठ्या टाकून ठरत असे, व त्या दिवशीं चिठ्ठी त्याच्या नांवाची निघाली. तो आंत गेला. बाहेर लोकसमुदाय प्रार्थना करीत त्याची वाट पाहत राहिला. शेवटीं तो आला, पण त्याला एक शब्दहि बोलतां येईना. इतके लोक ऐकावयास उभे, आणि याजक त्यांच्यापुढें हातवारे करितो आहे! उपासनेच्या आदल्या रात्रीं, आपण व्यासपीठावर उभे आहों आणि तोंडांतून शब्द निघत नाहीं, असें स्वप्न ज्यांना पडतें (आम्हांसहि पडलें आहे), त्यांना जखऱ्याचें दुःख समजावून सांगावयास नको.

तें मौन म्हणजे शिक्षा होती, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. देवदूताच्या बोलण्यावर त्यानें विश्वास ठेविला नव्हता. परंतु त्या मुक्या दिवसांत काय काय घडलें तें पाहा. अलीशिबा गरोदर राहिली. गब्रीएल नासरेथास गेला. मरीया डोंगराळ प्रदेशांतील त्याच घरीं आली, तेथें तिनें गीत गाइलें, व सुमारें तीन महिने राहिली. घरधनी याजक मुका, आणि गाणारी एक खेड्यांतली मुलगी! (पुढें लोकांनीं जखऱ्याला खुणांनीं विचारलें, त्यावरून त्याला ऐकूंहि येत नसावें असें कित्येकांचें म्हणणें आहे, तसें असेल तर घरांतलें तें गीतहि त्याला मिळालें नाहीं.) त्याच्या व्याख्यानावांचून तारणाचें कार्य एक दिवसहि अडलें नाहीं. शेवटीं त्यानें पाटी मागितली आणि लिहिलें तें काय? बाळाचें नांव. तेंहि त्यानें शोधून काढलेलें नव्हतें. देवदूतानें तें आधींच सांगितलें होतें. मग त्याची जीभ मोकळी झाली.

आतां दोनशें वर्षांमागची एक गोष्ट सांगतों. उपदेशकांनीं व शाळामास्तरांनीं ती विशेष लक्षांत घ्यावी. ‘सायलेंट नाइट’ म्हणून जगभर गाइलें जाणारें गीत मुळांत जर्मन भाषेंतलें आहे. ऑस्ट्रिया देशांत साल्झबुर्ग शहराजवळ ओबेर्नडॉर्फ नांवाचें गांव आहे. तेथें योसेफ मोर हा साहाय्यक धर्मगुरु होता, आणि शेजारच्या आर्न्सडॉर्फ गांवीं फ्रान्स ग्रुबर हा शाळामास्तर. १८१८ सालीं डिसेंबरच्या २४ तारखेस मोरनें ग्रुबरला कविता दिली, ग्रुबरनें तिला चाल लाविली, आणि त्याच रात्रीं दोघांनीं ती गिटारीच्या साथीवर गाइली. ही गोष्ट सांगतांना वक्ते बहुधा त्या एका दिवसाच्या स्फूर्तीचेंच वर्णन करितात. पण कविता त्या दिवसाची नव्हतीच. मोरनें ती १८१६ सालीं दुसऱ्या गांवीं असतां लिहिली होती. त्या नाताळासाठीं त्यानें नवी कविता रचली नाहीं. जवळ होती ती काढून मित्राच्या हातीं दिली. कीर्तीची तर गोष्टच नको. १८४८ सालीं मोर वारला, आणि गीत कोणाचें अशी विचारणा बर्लिनहून १८५४ सालीं झाली, तेव्हां ग्रुबरनें हकीकत लिहून दिली. हे दोघे रोमन मंडळीचे होते. तरी त्यांजपासून शिकण्यास आपणांस संकोच नसावा.

रे. टिळकांचें उदाहरण तर घरचेंच आहे. ‘ख्रिस्तायन’ अपुरें टाकून १९१९ सालीं ते प्रभूकडे गेले. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनीं लिहिला, आणि त्यांच्याहि मृत्यूनंतर १९३८ सालीं ग्रंथ छापून निघाला. एवढ्या कवीचें काम राहूं शकतें, तर आपलें एक आख्यान एका वर्षीं राहिलें म्हणून गव्हाणींतल्या बाळाला काय उणें पडणार?

कोणी म्हणेल, ही आळशाला मुभा झाली. वर्षभर पुस्तक उघडावयाचें नाहीं आणि नाताळ येतांच विसांवा मागावयाचा, असे कांहीं आहेत खरे. त्यांच्यासाठीं आम्ही लिहीत नाहीं. ते हें बहुधा वाचणारहि नाहींत.

बाकीच्यांनीं यंदा जुनेंच आख्यान घ्यावें. उपासनासंगीतांतील टिळकांचीं पदें लोकांस पाठ आहेत, तीं त्यांना पोटभर म्हणूं द्यावीं. मुलांचे शब्द चुकले तर चुकूं द्यावे. मेंढपाळांनीं जें ऐकिलें होतें तेंच जाऊन सांगितलें. मरीयेनें तर साऱ्या गोष्टी मनांतच ठेविल्या. तेव्हां निदान एका गांवीं शास्त्रवाचन एखाद्या वडील भगिनीवर सोंपवून उपदेशकानें मागें सतरंजीवर आपल्या पत्नीजवळ व लेकरांजवळ बसावें.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंस कळवितों कीं, मागितलेला लेख त्यांनीं पाठवूं नये. त्यांच्यासाठीं राखलेल्या रकान्यांत लूकच्या दुसऱ्या अध्यायाचीं पहिलीं वीस वचनें घालण्यास आम्हीं छापखान्यांत सांगितलें आहे. ते कोणत्या गांवीं मागें बसले, एवढें मात्र जानेवारींत एक कार्ड टाकून कळवावें.