वाणीचे स्थान आणि पालकांचे कर्तव्य

मुलाचे फेफरे थांबावे म्हणून त्याची वाणी पणास लावण्याचा अधिकार आईबापांना आहे काय? झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा वा जोडा धरण्याची चाल आमच्या कोल्हापूरकडच्या लोकांना अपरिचित नाही. तिच्या खंडनात आम्ही वेळ दवडीत नाही. बहुतेकांचा अपस्मार औषधाने आटोक्यात येतो. परंतु सुमारे एकतृतीयांश रोग्यांना औषधाचा पुरेसा गुण येत नाही. त्यांपैकी काहींच्या बाबतीत मेंदूचा रोगट भाग काढून टाकणे हाच उपाय उरतो. तो भाग वाणीचाच असला तर?

बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्धात वसते, असे पॉल ब्रोका यांनी १८६५ साली प्रतिपादिले. तथापि बालपणीच अपस्मार जडलेल्या मुलात ती उजवीकडे गेलेली किंवा दोहोंकडे विभागलेली असण्याचा संभव अधिक. १९४९ साली जपानचे डॉ. वाडा यांनी मानेतील धमनीत औषध सोडून अर्धा मेंदू क्षणभर निजविण्याची परीक्षा मांडली. पण बालकास ती सोसणे कठीण. १९९० नंतर चुंबकीय यंत्राचा मार्ग निघाला. मूल यंत्रात निश्चल पडून मनातल्या मनात शब्द शोधते. मेंदूच्या राबत्या भागाकडे अधिक रक्त धावते, आणि यंत्र ते टिपते. सुई नाही, जखम नाही. मात्र शब्द मुलाच्या घरच्या भाषेतील हवेत. एरवी त्याच्या वाणीऐवजी शाळेतील अभ्यासाचेच चित्र निघावयाचे!

हे चित्र पाहून निर्णय यंत्रानेच दिला, असे समजणे मात्र चूक होय. वाणीच्या कामी कोणते भाग राबतात हे यंत्र सांगते. त्यांतील कोणत्या भागावाचून मुलाचे अडेल, हे ते खात्रीने सांगत नाही. म्हणून संशयाच्या जागी जुन्या परीक्षांचा आधार आजही घ्यावा लागतो.

कोणी म्हणतील, मग दैवावर सोडावे. परंतु वारंवार येणारे झटकेही मुलाची स्मृती, शाळा, प्रसंगी प्राणही हिरावून नेतात. काहीच न करणे हाही निर्णयच. शस्त्रवैद्याच्या हाती सर्व सोपवून मोकळे होणे हीदेखील पळवाटच होय. आमच्या मते, लाभ आणि हानी दोन्ही स्पष्ट विचारून घेणे, आणि मुलाला समजेल तेवढे त्याला सांगून त्याचे मत ऐकणे, हे पालकांचे कर्तव्य आहे. ज्याची वाणी पणास लागावयाची, त्याला ती शाबूत असतानाच बोलू द्यावे.