एकास सातशे

प्लॅस्टिकची युद्धनौका जुळवायला घ्यायची, तर कोणती? दुकानदाराच्या मते हा किमतीचा प्रश्न, सौभाग्यवतींच्या मते धूळ पुसण्याचा. मला मात्र तो नीतीचा वाटतो.

जर्मन 'बिस्मार्क' देखणी, यात वाद नाही. पण २४ मे १९४१ रोजी तिनं ब्रिटिश 'हूड' बुडवली. हूडवर १४१८ माणसं होती, वाचली ३. (आमच्याकडे ३ रुपयांचा फरक निघाला, तर कॅश टॅली होईस्तोवर कुणी घरी जात नाही!) तीनच दिवसांनी बिस्मार्कही दोन हजारांवर माणसं घेऊन तळाला गेली. आता ही एंट्री कुणाच्या नावे टाकायची?

हिटलरची बोट केवळ देखणी म्हणून शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवायला मन घेईना. एकास सातशे प्रमाणात हूड होते साडेसदतीस सेंटिमीटरची, आणि माणूस अडीच मिलिमीटरचासुद्धा नाही. म्हणूनच की काय, आमच्या खोक्यात तोफा मोजून भरलेल्या, माणूस एकही नाही. केवढी सोय!

शेवटी हूडच आणली. चिरंजीवांनी खोकं उलटसुलट पाहिलं.

"बाबा, हरलेली का आणलीत?"

मी डिंकाची ट्यूब शोधायला लागलो.