दैवाचा नंबर पाचवा

नांदुऱ्याहून मलकापूरकडे निघालं की वाटेत वडनेर भोलजी लागतं. इथून जाणारा राष्ट्रीय महामार्ग आता ५३ क्रमांकाचा झाला असला, तरी बोलण्यात तो अजून सहा नंबरच. याच महामार्गाच्या अमरावती–अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. कडेच्या क्रॅश बॅरिअरचे नटबोल्ट वर्षानुवर्षं आवळत राहिल्याची नोंद कोणतं बुक घेणार? न झालेले अपघात मोजायचे तरी कसे?

काम तसं बारकाव्याचं आहे. कठड्याचा एक पत्रा पुढच्या पत्र्यावर चढवताना वाहतुकीची दिशा पाहावी लागते. जोड उलटा बसला तर पत्र्याची धार येणाऱ्या गाडीकडे तोंड करून राहते, आणि गाडी घसरत पुढे जाण्याऐवजी त्या धारेत अडकते. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की कठडा तेवढाच बुटका होतो. पत्रा जागचा हललेला नसतो, पण चाकाच्या हिशेबाने तो खाली गेलेला असतो. त्यात पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात रोवलेला खांब वरून ताठ दिसतो आणि धक्का दिला की डुगडुगतो. खारपाणपट्ट्यातल्या क्षारांनी लोखंड खाल्लं तरी वरचा रंग शाबूत असू शकतो. गाडीत बसून यातलं काहीच कळत नाही. उतरावं लागतं, टेप लावावी लागते, खांबाला हात घालावा लागतो.

जुलै २०२३ हा या बुलढाणा जिल्ह्याला फार वाईट गेला. १ तारखेला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस खांबाला, मग दुभाजकाला धडकली, उलटली आणि पेटली. २५ जणांचा कोळसा झाला. २९ तारखेला मलकापुरात दोन बस समोरासमोर आदळल्या. त्यातल्या एकीत अमरनाथचं दर्शन घेऊन हिंगोलीला परतणारे यात्रेकरू होते. देवाच्या दारातून आलेली माणसं घरी पोचली नाहीत, याचं उत्तर कोणत्या शास्त्रात शोधायचं?

त्याच महिन्यात सिंदखेडराजाजवळच्या अपघातस्थळी काही भाविकांनी महामृत्युंजय यंत्र बसवलं. आजूबाजूच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात यापुढे अपघात होणार नाहीत, असा दावा झाला. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी हरकत घेतली आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. वाद अपेक्षेप्रमाणे श्रद्धा की अंधश्रद्धा या खुंटीला जाऊन अडकला. खरं तर ज्यांनी ते मांडलं त्यांची कळकळ खोटी मानण्याचं कारण नाही. जळालेली बस पाहिलेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटणारच. चूक आहे ती क्रमात.

हा क्रम गीतेनेच लावून दिलेला आहे. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या क्रिया आणि शेवटी दैव. दैव नाकारलेलं नाही, पण त्याचा नंबर पाचवा. आपल्याकडे अपघात झाला की ‘त्याची वेळच भरली होती’ म्हणत पाचव्याला पहिल्या पाटावर बसवतात. तसं नसेल तर ‘ड्रायव्हरला डुलकी लागली’ म्हणून प्रकरण मिटवतात. एकट्यालाच कर्ता समजणं ही समजुतीतली खोट आहे, हेही तिथेच दोन श्लोकांनंतर येतं. रस्त्याची जमीन, पत्रा, बोल्ट, तपासणी, ही मधली कारणं दोन्ही निकालांत गायब.

या मधल्या कारणांकडे पाहता येतं, याचं उदाहरण लांबचं आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस शहरात बर्फावरच्या हॉकीचा सामना चालू असताना चकती उसळून काचेच्या कठड्यावरून प्रेक्षकांत गेली आणि १३ वर्षांची मुलगी दगावली. तिच्याही बाबतीत नशीब म्हणता आलं असतं. हे सामने भरवणाऱ्या एनएचएल या हॉकी लीगने पुढच्या हंगामापासून गोलमागे जाळी सक्तीची केली. एक जीव जाईपर्यंत ती का लागली नव्हती, हा प्रश्न मात्र तिथेही उरतोच.

गीतेतल्याच निष्काम कर्माचं नाव अशा कामांत सोयीने घेतलं जातं. फळाची आशा धरू नये, हे खरं. पण काम नीट झालं की नाही ते पाहूच नये, असा त्याचा अर्थ काढणं ही शुद्ध लबाडी. कठडा तपासणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, म्हणून त्याचं काम जवळजवळ आपोआपच निष्काम असतं. त्याला ते काळजीपूर्वकही करावं लागतं, हे अवघड.

वऱ्हाडाला हे शिकवायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. पळसाच्या पानाने हळद-तूप लावताना जू कुठे घासलंय, कातडं कुठे सोललंय, हे बोटांना समजतं. तपासणी आणि पूजा यांत तिथे फारकत नाही. महामार्गाच्या कठड्याला असा सण नाही, त्याचा मालक कोण तेही गावाला माहीत नसतं. उलट ढाब्यासमोर, पंपासमोर, शेताच्या वाटेसमोर सोयीसाठी दुभाजक फोडायला माणसं पुढे होतात, आणि येणारेजाणारे त्या खिंडारातून गाडी वळवतात. शिवाय गाडीतून न उतरता रजिस्टरवर ‘ठीक आहे’ची खूण करणारा आहेच. पाच कारणांच्या यादीत या सगळ्यांची जागा दुसरी, कर्त्याची.